घेरातला गुलाबी

(दृश्य : नेरुळ, इमारतीची गच्ची. निळीच्या पिंपातून वर येणारं कापड.)

बाहेर येताना हे कापड पोपटी आहे. मिनिटभर बघत राहा.

नीळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही. गूळ आणि चुना घातलेल्या कोमट पाण्यात तिचं रूप पालटतं आणि ती कापडात शिरते. मग हवा लागली की धाग्यातच पुन्हा निळी होऊन बसते. गडद हवी असेल तर पुन्हा बुडवा, पुन्हा हवेला धरा. घाई करणाऱ्याला नीळ फिकीच मिळते.

(दृश्य : निळे झालेले हात, हसणाऱ्या मुली.)

या मुली कथक शिकतात. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात त्यांचा प्रयोग आहे, विषय ठाण्याची खाडी. ड्रेपरीवाल्याकडे चमकीचे घेर भाड्याने मिळतात, एका फोनवर काम होतं. पण खाडीतला चिखल सॅटिनमध्ये कसा दिसणार? त्यांच्या कथकच्या ताईंनी मलमलचा तागा आणला, मुलींनी तो सोड्यात उकळून त्याची खळ काढली.

(दृश्य : गंजके खिळे, काचेची बरणी.)

चिखलाचा रंग या बरणीत आहे. गंजके खिळे, गूळ आणि पाणी, काही आठवडे मुरू दिलेलं. हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं पिवळसर कापड त्यात घातलं, आणि हे बघा, राखाडी. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की असंच होतं. लोखंड जास्त झालं तर सुती धागा कमजोर पडतो, म्हणून सगळं पळीने मोजून.

(दृश्य : शेगडीवर पातेलं, लाल वाफाळतं पाणी.)

गुलाबीने मात्र छळलं. मंजिष्ठेची मुळं कुटून रात्रभर भिजवायची, मंद आचेवर तापवायची आणि उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर रंग तपकिरीकडे जातो. सूत तुरटी सहज धरत नाही, आधी काहीतरी तुरट लागतं. हिरडा घेतला तर त्याचा पिवळेपणा गुलाबीत उतरतो. म्हणून ताईंनी मायफळ घेतलं, बाळघुटीत उगाळतात तेच. पहिल्या पाण्यातून विटकरी लाल निघाला, तो काठाला गेला. त्याच उरलेल्या पाण्यात दुसरं कापड घातलं, तेव्हा कुठे हा गुलाबी हाती आला.

(दृश्य : खाडी, ओहोटी, रोहित पक्ष्यांचा थवा.)

रोहितचा, म्हणजे फ्लेमिंगोचा, गुलाबीही जन्माचा नाही. पिल्लं राखाडी असतात. शेवाळातला, बारीक जीवांतला रंग खाण्यातून पिसांत उतरतो, म्हणजे हे पक्षीही रंगवलेलेच.

(दृश्य : शिवणयंत्र, कापलेल्या कळ्या.)

प्रत्येक घाण्याची छटा थोडी वेगळी निघते. सगळा फिका घाणा एकीच्याच अंगावर येऊ नये म्हणून घेराच्या कळ्या, म्हणजे उभ्या पट्ट्या, कापून एकमेकींत मिसळल्या. राखाडी कळ्या वर, गुलाबी कळ्या चुण्यांच्या आत. मुलगी उभी असेल तेव्हा चिखल दिसतो. चक्कर घेतली की घेर उघडतो आणि आतला रंग बाहेर येतो. रोहितचे पंख उघडतात तेव्हाही आतला लाल असाच अचानक दिसतो. ही कल्पना ताईंची, आणि आमच्या मते प्रयोगातली सगळ्यात चांगली.

निळ्या प्रकाशात मात्र हा गुलाबी मळका दिसतो. तालमीत ते लक्षात आलं, आणि प्रकाशयोजना करणाऱ्या दादांनी तेवढ्या भागाला पिवळसर प्रकाश ठेवला.

(दृश्य : खाडीकाठ, दूरवर कारखाने.)

इथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ सालचं, रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, ही खाडी २०२२ मध्ये आली. शेजारी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे, त्यात रसायनांचे कारखाने आहेत, आणि त्यांच्या सांडपाण्याचा भार खाडीनेच सोसला आहे.

(दृश्य : रंगमंच, चक्करींचा पूर्ण तुकडा. इथे निवेदन नाही, फक्त घुंगरू आणि तबला.)

(दृश्य : गच्चीवर वाळत घातलेले घेर. श्रेयनामावली सुरू.)

हे कपडे पुढच्या प्रयोगालाही लागणार आहेत. धुवायचे ते रिठ्याच्या पाण्यात, वाळवायचे सावलीत. निळा घेर पहिल्या एक-दोन धुण्यांत वेगळा ठेवा, त्याचा रंग हाताला आणि बाकीच्या कपड्यांना लागतो. आणि मुलींच्या आयांना एक विनंती : मशीन नको, डिटर्जंट तर अजिबात नको.