शंभर एमबीपीएस, तरी आवाज तुटतो

[दृश्य: लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल. चेहरा गोठलेला, आवाज तुटक.]

लाइन शंभर एमबीपीएसची. स्पीड टेस्टला आकडाही पूर्ण येतो. तरी रात्री कॉल लावला की पलीकडून "तुझा आवाज तुटतोय" हे ठरलेलंच. अशा वेळी लोक प्लॅन वाढवतात आणि बहुतेकदा पैसे वाया घालवतात.

कॉलला वेग लागतोच किती? बोलणं 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं, म्हणजे सेकंदाला 50 पाकिटं. जुन्या जी.711 कोडेकमध्ये (आवाजाचा डेटा करणाऱ्या पद्धतीत) एका पाकिटात 160 बाइट आवाज आणि वर आयपी, यूडीपी, आरटीपी या पाठवणीच्या नियमांचे हेडर, म्हणजे पाकिटावरचा पत्ता वगैरे मजकूर, मिळून 40 बाइट. झाले सेकंदाला 80 किलोबिट. 2012 साली प्रमाणित झालेल्या ओपस या कोडेकला तर याहून बरंच कमी पुरतं.

फाइल डाउनलोड होताना एखादं पाकीट हरवलं, तर टीसीपी हा पाठवणीचा नियम ते पुन्हा मागवतो आणि तोवर मागचं सगळं अडवून धरतो. बोलण्यात एवढी उसंत नसते. अर्ध्या सेकंदाने पोचलेला 'हं' काय कामाचा? म्हणून कॉल हरवलेलं पुन्हा न मागवणाऱ्या यूडीपीवरून जातो. आरटीपी प्रत्येक पाकिटावर अनुक्रमांक आणि वेळ टाकतो, बाकी निस्तरायचं काम ऐकणाऱ्याच्या यंत्राचं.

[दृश्य: ऐकणाऱ्याच्या लॅपटॉपवर वायरशार्क, येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं सॉफ्टवेअर. दोन पाकिटांमधलं अंतर मिलिसेकंदांत दाखवणारा रकाना.]

20, 21, 19, 20. आता बोलणाऱ्याच्या घरात कुणाच्या तरी मोबाइलने फोटोंचा बॅकअप सुरू केला. 20, 34, 95, आणि मग 1, 1, 1. अनुक्रमांक बघा, एकही पाकीट हरवलेलं नाही. तरीही आवाज तुटला, कारण वाजवायची वेळ टळून गेल्यावर पाकीट आलं.

हा चढउतार म्हणजे जिटर. तो झाकायला ऐकणारं यंत्र थोडी पाकिटं साठवून, चाळीस-साठ मिलिसेकंद थांबून वाजवतं. जिटर वाढला की ही थांबण्याची वेळही वाढते. पण किती वाढवणार? आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.114 शिफारशीनुसार एका बाजूने 150 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर खपून जातो. त्यापुढे दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतरच सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाशाला तेवढ्यालाच साठाहून जास्त मिलिसेकंद लागतात, आणि समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत जात नाही.

एखादं पाकीट खरंच गळालं, तर ओपस पुढच्या पाकिटातून त्याची हलक्या दर्जाची प्रत पाठवू शकतो. सलग चार-पाच गळाली की त्याचाही इलाज चालत नाही, आवाज यंत्रमानवासारखा होतो. चित्राचं दुखणं आणखी विचित्र. फ्रेम बिघडली की पलीकडून आख्खी नवी की-फ्रेम, म्हणजे पूर्ण चित्र, मागवली जाते, ती नेहमीच्या फ्रेमच्या कित्येक पट मोठी असते. आधीच तुंबलेल्या लाइनीवर तीच जाऊन बसते.

[दृश्य: घरातला राउटर, दिवे लुकलुकताहेत.]

तुंबतं कुठे? बहुधा इथेच, अपलोडच्या तोंडाशी. डाउनलोड 100 आणि अपलोड 10 एमबीपीएस अशी लाइन घ्या. रांगेत एक मेगाबाइट डेटा साठला, तर तो बाहेर पडायला 0.8 सेकंद लागतो. मागून आलेलं आवाजाचं 200 बाइटचं पाकीट तेवढा वेळ ताटकळतं. तपासणं सोपं आहे: एका खिडकीत पिंग (पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवा, दुसरीकडे मोठी फाइल अपलोड करा. पंधरा मिलिसेकंदांचा पिंग चारशेवर गेला, तर चोर सापडला.

उपाय ऐकायला उलटा वाटतो: अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 85 ते 90 टक्क्यांवर आणायची. मग रांग मोडेममध्ये न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तिथे शिस्त लावता येते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूएम या नावाने ही सोय मिळते. त्यातला एफक्यू-कोडेल हा रांग सांभाळणारा भाग प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतो, त्यामुळे फोटो आणि आवाज एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. कोडेल ही मूळ पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये मांडली.

पाकिटावर 'आधी सोडा' असा डीएससीपीचा शिक्का, आवाजासाठी 46, ऑफिसच्या नेटवर्कमध्ये उपयोगी पडतो. बाहेरच्या इंटरनेटवर त्याला सहसा कुणी विचारत नाही.

वायफाय असेल तर 5 गिगाहर्ट्झवर या, जमलं तर सरळ केबल लावा. आणि एसक्यूएमला प्रोसेसर लागतो. स्वस्त राउटर दोन्ही दिशांना दमत असेल, तर फक्त अपलोडला लावा.