विश्वास कोणाचा?

नमस्कार श्रोतेहो. भामट्याला इंग्रजीत 'कॉनमन' म्हणतात. यातलं 'कॉन' म्हणजे 'कॉन्फिडन्स'. आपल्याकडे कॉन्फिडन्स म्हणजे आत्मविश्वास हे इतकं पक्कं बसलंय, की छातीठोक थापा मारणारा तो कॉनमन, असंच मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. पण या शब्दातला विश्वास भामट्याचा नाहीच. तो आहे फसणाऱ्याचा!

गोष्ट १८४९ सालची, न्यूयॉर्कमधली. विल्यम थॉम्पसन नावाचा (नावं त्याला बरीच होती, त्यातलं हे एक) एक माणूस रस्त्यात कुणालाही गाठायचा. कपडे झकपक, बोलणं आर्जवी. जुनी ओळख असल्यासारख्या गप्पा मारायचा आणि मग हळूच म्हणायचा, "माझ्यावर विश्वास आहे ना? मग उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवाल?" आता, 'मी तुम्हाला ओळखलं नाही' हे तोंडावर कसं सांगायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात, तसलाच प्रकार असावा. लोक खरंच घड्याळ काढून द्यायचे, आणि हा हसत हसत चालता व्हायचा. मॅकडोनल्ड नावाच्या गृहस्थांचं ११० डॉलरचं सोन्याचं घड्याळ मे महिन्यात असंच गेलं. जुलैत त्यांना तोच इसम पुन्हा रस्त्यात दिसला आणि त्यांनी त्याला पोलिसाच्या हवाली केलं.

'न्यूयॉर्क हेरल्ड'ने बातमीत त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटलं आणि ते नाव लोकांच्या तोंडी बसलं. आठच वर्षांत, १८५७ मध्ये, हर्मन मेलव्हिल यांनी याच नावाची कादंबरी लिहिली. प्रकाशनाचा दिवस? एक एप्रिल! पुढे बोलता बोलता शब्द झिजून 'कॉनमन' झाला. कैद्यालाही इंग्रजीत 'कॉन' म्हणतात, पण ते 'कन्व्हिक्ट'चं लघुरूप, त्याचं कूळ वेगळं.

आपले लबाड, लफंगा, ठकसेन हे शब्द फसवणाऱ्याकडे बोट दाखवतात. (आपला 'ठग' इंग्रजीत गेला आणि तिथे नुसता 'गुंड' होऊन बसला, ते असो.) कॉनमन मात्र फसलेल्याने काय दिलं, तेच नावात घेऊन फिरतो.

थॉम्पसन पकडला गेल्यावर त्याच 'हेरल्ड'ने एक खोचक लेख छापला. त्यांचं म्हणणं, बिचाऱ्याचा धंदा फारच लहान होता. हेच कसब त्याने वॉल स्ट्रीटवर वापरलं असतं, तर तुरुंगाऐवजी महालात राहिला असता.