मिशनच्या शाळेत आठवडाभर चालतं तरी काय? (आधी डायरी उघडा!)

नमस्कार मंडळी! इंदुरात थंडी पडली की दोन गोष्टी सुरू होतात. सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडूचे कंद तळायला लागतात आणि माझ्या कमेंट्समध्ये अ‍ॅडमिशनचे प्रश्न यायला लागतात. यंदा त्यात एकच प्रश्न सगळ्यात जास्त आहे: "ताई, मिशनच्या शाळेत आठवडाभर नक्की काय करून घेतात? मुलांना येशूचंच शिकवतात का?" तर आज तेच.

चॅनलवर नवीन असाल तर सांगते. मी इथल्याच एका ख्रिस्ती शाळेत प्रायमरीच्या वर्गांना बरीच वर्षं शिकवलं. स्वतः संकष्टी करणाऱ्या घरातली आहे. शाळेचं नाव सांगणार नाही, आणि कमेंटमध्ये ओळखण्याची स्पर्धाही लावू नका.

आधी दोन-तीन गोष्टी पटकन. ख्रिस्ती शाळा म्हटलं की सगळे कॉन्व्हेंटच म्हणतात, पण सगळ्या शाळा सिस्टर चालवत नाहीत. फादर-सिस्टरवाल्या त्या कॅथलिक. दुसऱ्या प्रोटेस्टंट, त्यातल्या आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या शाळा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे १९७० मध्ये अनेक चर्च एकत्र येऊन जे झालं त्याच्या. आपलं इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं, कॅनडातून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांचं. आणि तिसरा प्रकार म्हणजे पाटीवर 'सेंट' अमुक, आत ना फादर ना सिस्टर, सगळा कारभार एखाद्या शेठजींचा. तिथला आठवडा कसा असतो ते शेठजींना विचारा, मला नको.

"आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, लॉटरीत मिळेल का?" हे विचारणारे पण खूप आहेत. ख्रिस्ती शाळांसारख्या अल्पसंख्याक शाळांना त्यातला २५ टक्के मोफत जागांचा नियम लागू नाही, असं २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेऊन तो मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगितलं आहे. पण तुम्ही फॉर्म भरताना त्या भरवशावर बसू नका. चला, पुढे.

सोमवार. सोमवारची असेंब्ली जरा मोठी असते. प्रार्थना, सुविचार, बातम्या, ज्यांचा वाढदिवस त्यांना टाळ्या, राष्ट्रगीत. नखं, बूट, टाय तपासणी. थंडीत कलेक्टर साहेबांचा आदेश आला की शाळा उशिरा भरते, मग असेंब्ली वर्गातच, स्पीकरवर. त्यात खरखरच जास्त ऐकू येते. मुलं मात्र खूष, कारण मैदानात कुडकुडत उभं राहायचं नाही.

आता प्रार्थना. इथे सगळं गाडं अडतं. एका प्रेक्षकांनी लिहिलंय, "मुलगा घरी काहीतरी पुटपुटतो, आम्हाला कळत नाही काय म्हणतो." अहो, (डायरी कॅमेऱ्यासमोर धरते) ही काय आहे? शाळेची डायरी. पहिली पानं उघडा. शाळेची प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, शाळेचं गीत, रजेचे नियम, सुट्ट्यांची यादी, सगळं छापलेलं असतं. जूनमध्ये... आता बऱ्याच ठिकाणी एप्रिलमध्येच, ती तुमच्या हातात येते. तुम्ही काय करता? ब्राउन कव्हर घालता, नाव चिकटवता आणि शेवटच्या पानावर सही ठोकता. पहिलं पान वाचणारे पालक मी फार थोडे बघितले.

आणि वाचून पटलं नाही तर? त्याचीही सोय घटनेतच आहे. कलम २८ मधला तिसरा भाग: सरकारी मान्यता असलेल्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. आणि कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. दोन्ही हक्क एकाच घटनेतले आहेत, त्यामुळे शाळेच्या गेटवर भांडायची गरज नाही. क्लास टीचरला दोन ओळी लिहून द्या. १९८६ चा केरळचा खटला आठवतो का? यहोवाज् विटनेस पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण म्हणत नसत. शाळेने त्यांना काढलं आणि सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत गप्प उभं राहणं चालतं, तर शाळेच्या प्रार्थनेला तुमचा पिंट्या हात जोडून गप्प राहिला म्हणून काय बिघडणार आहे? माझ्या वर्गात असे दोघं-चौघं कायम असायचे. त्यातले निम्मे झोपेमुळे गप्प असत, ते वेगळं.

मंगळवार, बुधवारी इंग्रजी, हिंदी, गणित, परिसर. हे सगळीकडे तेच आणि तसंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गणितावरून मात्र एक आठवलं. पण त्याआधी तुम्ही विचारता तो धर्माचा तास.

कॅथलिक शाळांमध्ये आठवड्यात एखाद-दोन तास असे असतात, की घंटा झाली की वर्ग दोन भागांत वाटला जातो. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला, दुसऱ्या खोलीत जातात. बाकीची मुलं जागेवर, त्यांना मॉरल सायन्स. आता काही शाळा व्हॅल्यू एज्युकेशन म्हणतात. "आमच्या मुलीला बायबल शिकवतात" असं म्हणणाऱ्या बहुतेकांची मुलगी मॉरल सायन्सला बसलेली असते. वेळापत्रकात एकाच चौकोनात दोन नावं असतात, मध्ये तिरकी रेघ. डायरीत वेळापत्रकाचं पान असतं. परत डायरी! मी काय करू?

मॉरल सायन्सच्या पुस्तकात बायबलमधल्या गोष्टी येतात, नाकारत नाही. पंचतंत्रातल्या येतात, गांधीजींच्या येतात, तशाच त्याही. दयाळू शोमरोन्याची गोष्ट घ्या, लूकच्या शुभवर्तमानातली, दहाव्या अध्यायातली. वाटेत मार खाऊन पडलेल्या माणसाकडे बघून दोघं प्रतिष्ठित लोक निघून जातात. ज्याच्या जातीला लोक नावं ठेवतात तो शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, धर्मशाळेत नेतो आणि मालकाला दोन दीनार देतो. मी ही गोष्ट दुसरीच्या वर्गाला सांगितली, तर एक मुलगा उठून म्हणाला, "मिस, दोन दीनारमध्ये किती दिवस राहता येतं?" म्हटलं, वा! मग फळ्यावर हिशेब मांडला. मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार आहे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी दिली. मुलांनी लगेच त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचे पैसे सांगायला सुरुवात केली, आणि मला विषय घाईघाईत बदलावा लागला! त्या दिवशी गणित कुठे संपलं आणि नीती कुठे सुरू झाली, मलाच कळलं नाही.

आणि कॅटेकिझमहून परत येणाऱ्या मुलांच्या हातात कधी संतांच्या चित्रांची छोटी कार्डं असत, सोनेरी कडेची, चकचकीत. मग इकडे रडारड. "मिस, मला पण कार्ड पाहिजे!" सगळ्यात मोठ्याने रडणारी बाई आमच्या रामबागेतल्या चांगल्या जोशी-कुळकर्णी घरातली. सात वर्षांच्या मुलीला धर्म नको होता हो, तिला सोनेरी कड हवी होती. मी तिला लग्नपत्रिकेवरचा गणपती कापून दिला, तर तिच्या बाजूची कॅथलिक मुलगी म्हणाली, "मला पण."

असो. गुरुवार, अ‍ॅक्टिव्हिटी. आता माझा रक्तदाब वाढणार आहे, आधीच सांगते.

रंगांचा दिवस, फळांचा दिवस, फॅन्सी ड्रेस, 'आपले मदतनीस', झाडाची पानं चिकटवा. ही सूचना डायरीत सोमवारी लिहिलेली असते. सोमवारी! तुम्ही ती बघता बुधवारी रात्री नऊला, आणि मग बाबा स्कूटर काढून खजुरी बाजारात, आणि दुकानं बंद. मग पालकांच्या ग्रुपवर मेसेज: "कुणाकडे हिरवा क्रेप पेपर आहे का?" मग ग्रुपवर चाळीस उत्तरं, त्यातली अडतीस 'नाही'ची.

एकदा वर्गात पोस्टमन करायचा होता. एका घरून थर्माकोलचं पोस्ट ऑफिस आलं, खिडकीला जाळी, आत दिवा. मुलाला विचारलं, "हे काय आहे?" म्हणाला, "मिस, हात लावू नका, मम्मीने सांगितलंय." दुसऱ्या एकाने वडिलांचा खाकी शर्ट घातला होता, पायघोळ, आणि खांद्याला भाजीची पिशवी, त्यात त्याने स्वतः लिहिलेली पत्रं. शेजारणीला, आजीला, आणि एक मला. माझं पत्र "डिअर मिस, आज पोहे होते" एवढंच होतं. नंबर कुणाला दिला, ते तुम्हीच ओळखा. त्या थर्माकोलवाल्या आईंनी ग्रुपवर माझ्याविरुद्ध जे लिहिलं, तेही तुम्हीच ओळखा.

एका प्रेक्षकांनी मागच्या व्हिडिओखाली लिहिलंय, "मॅडम, होमवर्क इतकं असतं की डायरी बघायला वेळ कुठे?" ताई, केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको म्हटलंय, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. तुमच्या शाळेत त्याहून जास्त असेल तर तेही डायरीत लिहून विचारा की! ग्रुपवर नको. ग्रुपवर टीचर नसतात. तिथे तुम्ही एकमेकींना घाबरवता.

शुक्रवारचा डबा. इथल्या बऱ्याच शाळांत शाकाहारी डब्याचाच नियम असतो, त्यामुळे आपल्या लोकांना काही अडचण येत नाही. गंमत होते ती उपवासाच्या काळात. नाताळ सगळ्यांना माहीत, पण ईस्टरच्या आधीचे रविवार सोडून चाळीस दिवस त्यांचा उपवासकाळ असतो, राखेच्या बुधवारपासून. त्यात शुक्रवारी कॅथलिक मांस खात नाहीत. आमच्या एका सिस्टरचा उपास, आणि त्याच दिवशी वर्गातल्या एका मुलाच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी, कारण घरी संकष्टी. तो डबा घेऊन थेट सिस्टरसमोर: "सिस्टर, तुमचा पण उपास आहे ना, मग हे खा, हे उपासाचं आहे." सिस्टर केरळच्या. त्यांनी एक घास खाल्ला आणि मला विचारलं, "यात बटाटा, दाणे, तूप... मग उपास कशाचा?" मी आजतागायत उत्तर दिलेलं नाही.

बरं, डायरीची आणखी एक बाजू, ही टीचरची. तुम्ही म्हणाल, टीचर कुठे वाचतात? वाचतात हो. मधल्या सुट्टीत एका हाताने पोळीचा रोल आणि दुसऱ्या हाताने चाळीस डायऱ्या. पण त्यात काय सापडतं? रिकाम्या ओळी. मुलगी घरी मराठी बोलते, शाळेत हिंदी ऐकते, पुस्तक इंग्रजीत, म्हणून पहिले काही महिने वर्गात तोंड उघडत नाही. आणि टीचरला वाटतं, हिला ऐकू येत नाही की काय. तुम्ही एक ओळ लिहा: "आम्ही घरी मराठी बोलतो, मुलगी 'शू' म्हणाली तर बाथरूमला पाठवा." एवढ्या एका ओळीने किती फ्रॉक वाचले असतील! इंग्रजी जमत नसेल तर हिंदीत लिहा. मराठीत लिहिलंत तरी इंदुरातल्या स्टाफरूममध्ये वाचणारी कुणीतरी निघतेच.

शनिवार. जिथे शनिवारी शाळा असते तिथे अर्धा दिवस. पीटी, चित्रकला, गाणं, हाऊसची कामं. आणि परीक्षा जवळ आली की मॉरल सायन्सचा तास गणितवाल्या मॅडम पळवतात. हे मी आतलं सांगतेय, कुणाला सांगू नका.

रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्यामुळे इंदुरात सुट्टी असते का, हे विचारणाऱ्यांनो... सुट्ट्यांची यादी. पहिली पानं. बघा.

फॉर्मला कोणती कागदपत्रं लागतात, जन्मदाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर काय करायचं, हे पुढच्या व्हिडिओत. ते प्रश्न आत्ता खाली टाकून ठेवा, स्पेलिंगसकट. चला, येते मी.