उतारावर मांड्या का भरून येतात

यवतेश्वरचा घाट. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये आधी हा घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा. माथ्यावरून मागे वळलं की धाप कमी होते, पाय आपसूक सुटतात. गडबड इथेच होते.

(दृश्य : उतारावर पडणारं एक पाऊल, संथ गतीत)

गुडघ्याच्या वर पाहा. पाऊल टेकलं, गुडघा वाकला. अंगाचा भार तोलायला मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला आहे आणि त्याच क्षणी तो ताणलाही जातोय. ब्रेक दाबून गाडी उतरवावी तसं. अशी हजारो पावलं पडली की स्नायूतंतूंना बारीक इजा होते. या कामाला ऑक्सिजन मात्र कमी लागतो. म्हणून श्वासावरून वेग ठरवणारा उतारावर हमखास फसतो.

दुखणं त्या दिवशी फारसं जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. लोक लॅक्टिक ॲसिडला दोष देतात, पण ते तर पळणं थांबल्यावर तास-दोन तासांत निवळलेलं असतं.

आता चांगली बाजू. तोच उतार दोन आठवड्यांनी पुन्हा पळालात तर दुखणं बरंच कमी असतं. स्नायू पहिल्या इजेतून शिकतो आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून सुरुवात सौम्य उतारावर करा : चारशे मीटर, चार वेळा, वर येताना चालत. दहा दिवसांनी सहा वेळा. शेवटचा कडक उतार स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी, त्यानंतर नाही.

पाऊल लांब टाकू नका. मागे रेलून टाच आपटली की धक्का थेट गुडघ्यात जातो. पावलं छोटी, भरभर. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि लेस घोट्याजवळच्या शेवटच्या भोकापर्यंत आवळलेली, नाहीतर पाय पुढे सरकतो आणि नखं काळी पडतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या सुमारे नव्वद किलोमीटरच्या शर्यतीला जाणाऱ्यांनी तर हा सराव टाळूच नये. तिथल्या डाउन रनमध्ये, म्हणजे उताराच्या दिशेने पळायच्या वर्षी, फील्ड्स हिल या टेकडीची मोठी उतरण साठहून अधिक किलोमीटर पळून झाल्यावर येते, मांड्या आधीच थकलेल्या असताना.

पळून आल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर वेदनाशामक गोळी घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.