शेवईएवढा तुकडा आणि औषधाची निवड

फुप्फुसातल्या गाठीतून सुईने काढलेला बायॉप्सीचा तुकडा शेवईच्या काडीएवढा बारीक आणि जेमतेम एक-दीड सेंटिमीटर लांब असतो. कर्करोग आहे का, असल्यास कोणत्या प्रकारचा, आणि त्याच्या पेशींच्या जनुकांत नेमका कोणता बदल झाला आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एवढ्याशा तुकड्यातून मिळवायची असतात. पहिल्या दोन प्रश्नांतच तो संपून जाऊ नये, ही माझी आजची विनंती आहे. तिच्यामागचे कारण मात्र जरा सविस्तर सांगावे लागेल.

पेशीच्या आवरणावर ईजीएफआर नावाचे प्रथिन असते. वाढीचा निरोप बाहेरून आला की ते तो आत पोचवते आणि निरोप थांबला की शांत होते. त्याच्या जनुकात विशिष्ट बदल झाला, तर निरोप नसतानाही ते पेशीला वाढत राहण्याचा हुकूम देत राहते. गेफिटिनिबची गोळी हा हुकूम रोखते. ही गोळी जपानमध्ये 2002 साली वापरात आली, तेव्हा काही मोजक्या रुग्णांच्या गाठी झपाट्याने विरघळत आणि बाकीच्यांवर काहीच परिणाम होत नसे. असे का, हे 2004 साली बोस्टनमधल्या संशोधकांनी हा जनुकीय बदल शोधला तेव्हा उलगडले.

त्यानंतर 2009 साली प्रसिद्ध झालेला आयपास हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. पूर्व आशियातल्या 1,217 रुग्णांपैकी निम्म्यांना गेफिटिनिब आणि निम्म्यांना केमोथेरपी दिली होती. हे सगळे ॲडिनोकार्सिनोमाचे, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचे, रुग्ण होते, आणि त्यांनी धूम्रपान कधी केलेलेच नव्हते किंवा पूर्वी थोडे करून सोडले होते. म्हणजे गोळी लागू पडेल असे वरवरच्या माहितीवरून वाटावे, असेच ते होते. ज्यांच्यात जनुकीय बदल सापडला, त्यांच्यापैकी 71 टक्के रुग्णांच्या गाठी गोळीने आकसल्या, तर केमोथेरपीने 47 टक्क्यांच्या. ज्यांच्यात बदल नव्हता, त्यांच्यात मात्र गोळीचा प्रतिसाद जेमतेम 1 टक्का होता आणि केमोथेरपीचा 23 टक्क्यांहून अधिक. तेच वय, तोच आजार, सूक्ष्मदर्शकाखाली तेच चित्र. तरीही एकाला तारणारी गोळी दुसऱ्याचे मोलाचे महिने वाया घालवणारी ठरते. धूम्रपान न करणारी स्त्री आहे, तेव्हा गोळी सुरू करून पाहू, हा अंदाज म्हणूनच पुरेसा नाही. आणि रुग्ण विड्या ओढणारा आहे, म्हणून तपासणीच नको, हेही तितकेच चुकीचे आहे.

भारतात ॲडिनोकार्सिनोमाच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत ईजीएफआरमधला बदल आढळतो, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने अशा 350 रुग्णांवर केलेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या गेफिटिनिबने आजार सरासरी 8 महिने आटोक्यात राहिला. सोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोथेरपीची औषधे दिल्यावर 16 महिने. गंभीर दुष्परिणामही दुपटीने वाढले, हे लपवता कामा नये. आता ऑसिमर्टिनिबसारखी पुढच्या पिढीची औषधे आली आहेत, आणि एएलके, आरओएस-1 अशा इतर जनुकांतल्या बदलांवरही गोळ्या आहेत. प्रमाण थोडे असले तरी ज्या रुग्णात ते सापडतात, त्याच्यासाठी ते सर्वस्व असते.

आता पुन्हा त्या तुकड्याकडे येऊ. तो लगेच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावात, पडला पाहिजे. हाडातून घेतलेला तुकडा मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल वापरले, तर त्यातला डीएनए नासतो आणि जनुकीय तपासणी फसते. तुकडा अपुरा असेल, तर रक्तातून डीएनए शोधण्याची सोय आहे, पण रक्तात बदल सापडला नाही, म्हणजे तो नाहीच, असे समजू नये. अहवालाला एक-दोन आठवडे लागतात, आणि घरच्यांना ते युगासारखे वाटतात, हे मी रोज पाहतो. प्रकृती तग धरणारी असेल, तर तेवढे थांबावे. कारण घाईत आधी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणारी औषधे, दिली आणि मग ऑसिमर्टिनिबची गरज निघाली, तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. थांबणे शक्यच नसेल, तर डॉक्टर बहुधा आधी नुसती केमोथेरपी सुरू करतात.

दुसऱ्या रुग्णालयात जाताना पुष्कळ कुटुंबे फाइल आणि काचपट्ट्या नेतात. बायॉप्सीचा उरलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे पॅराफिन ब्लॉकमध्ये, प्रयोगशाळेत जपलेला असतो. तोही रीतसर अर्ज करून मागून घ्या.