शिडी चढणारा उंदीर आणि आजीची पाखाडी

ही आमच्या वाडीतली पाखाडी, दापोली तालुक्यात, अंजर्ल्यापासून फार लांब नाही. जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या, पावसात शेवाळ धरतात. ह्याच पायऱ्यांवरून आजीने पन्नासेक वर्षं खालच्या विहिरीचं पाणी वर आणलं, डोक्यावर हंडा, कडेवर कळशी, आणि आधी रहाटाने शेंदायचं ते वेगळंच. मग आम्ही मोटर बसवली. तिला आराम पडावा म्हणूनच बसवली, पण दोन वर्षांत ती पाटावरून उठताना भिंत धरायला लागली आणि घरातले सगळे म्हणाले, वय झालं आता.

वय झालंच होतं. पण सगळा दोष वयाचाच होता का?

वयाबरोबर स्नायू झिजतात, ह्या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात, १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी हे नाव सुचवलं. माणसात ही झीज बघायची तर दशकं जातात, म्हणून संशोधक उंदरांकडे वळले. स्क्रीनवर दिसतोय तो उंदीर काळा आहे बघा, लॅबचा उंदीर म्हणजे पांढरा असंच आपल्या डोक्यात असतं, पण ही सी५७ ब्लॅक ६ नावाची जात, तिचा वंश १९२१ पासून सांभाळलेला. वजन २५-३० ग्रॅम, म्हणजे आपला एक चांगला मोठा रातांबा. आयुष्य दोन-अडीच वर्षांचं, त्यामुळे २२ महिन्यांचा उंदीर माणसाच्या हिशोबात पासष्टीच्या आसपासचा.

आता उंदराला वजन उचल म्हणून सांगणार कसं? एक पद्धत शिडीची. मीटरभराची, जवळजवळ उभी शिडी, शेपटीला वजन बांधलेलं, आणि वर विसाव्याला एक खोकं. हा व्हिडिओ पहिल्यांदा बघितला तेव्हा मला दुसरं काही दिसेना, आमची पाखाडीच दिसली. दुसरी पद्धत अमेरिकेतल्या केंटकी युनिव्हर्सिटीतली आणि मला ती जास्त आवडते, कारण त्यात जबरदस्ती नाही, उंदीर रात्री आपणहून चाकावर पळतो, फक्त त्या चाकाच्या एका बाजूला एकेक ग्रॅमची लोहचुंबकं चिकटवत जातात आणि चाक हळूहळू जड होत जातं.

२०२१ मध्ये ह्या पद्धतीवरचा एक अभ्यास आला. २२ महिन्यांचे उंदीर, ८ आठवडे जड चाक. वय वाढतं तशा डीएनएवरच्या काही रासायनिक खुणा बदलत जातात आणि त्यावरून स्नायूचं वय मोजता येतं, तर व्यायाम केलेल्या उंदरांचं ते वय त्याच वयाच्या नुसत्या बसलेल्या उंदरांपेक्षा सरासरी ८ आठवड्यांनी कमी निघालं. अडीच वर्षांच्या आयुष्यात ८ आठवडे म्हणजे थोडेथोडके नाहीत!

आत काय होतं? स्नायूवर भार पडला की पेशीतली एमटॉर नावाची यंत्रणा जागी होते आणि नवीन प्रोटीन बांधायला घेते. ही यंत्रणा रॅपामायसिन औषधाने बंद केली तर भार टाकूनही स्नायू वाढत नाही, हे २००१ मध्येच उंदरांवर दिसलं होतं. शिवाय स्नायूच्या धाग्याला चिकटून सॅटेलाइट पेशी झोपलेल्या असतात, अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत त्या पहिल्यांदा ओळखल्या, दुखापत झाली की डागडुजीला त्याच उठतात. म्हातारपणी त्या कमी होतात, उशिरा उठतात, आणि तोच भार दिला तरी म्हाताऱ्या उंदराचा स्नायू तरण्याएवढा वाढत नाही. हे लपवायचं कारण नाही. पण वाढतो.

आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे कोणीही म्हणेल, म्हणून बॉस्टनचा १९९० चा अभ्यास सांगते. नव्वदीच्या आसपासची दहा माणसं, वृद्धाश्रमात राहणारी, ८ आठवडे पायाने वजन उचलायचा व्यायाम. ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. मग व्यायाम थांबवला, तर ४ आठवड्यांत ३२ टक्के ताकद गेली. हा दुसरा आकडा वाचून मी खूप वेळ गप्प बसून होते, कारण आमची मोटर आठवली.

आपण मायेने म्हणतो ना, आजी तू बस, मी आणते. मीच शंभरदा म्हटलंय.

मग डॉक्टरांना विचारलं, बीपी बघितलं, गुडघे बघितले, आणि सुरुवात केली. हंडा नाही हां. कापडी पिशवीत एक सोललेला नारळ, साधारण अर्धा किलोचा, आणि फक्त पहिल्या दहा पायऱ्या, एक दिवसाआड. पहिल्या आठवड्यात ती माझ्यावर चिडली, "एवढंसं काय देतेस गो, मी काय आजारी आहे?" पण एकदम वाढवायचं नाही हे मी उंदरांकडून शिकलेले, आधी अंगाला सवय, मग भार.

आज पिशवीत तीन नारळ आहेत. चौथा ओटीवर काढून ठेवलाय, तो सोमवारी.