मूठ आधी, पातं नंतर

नमस्कार मंडळी. गणेशोत्सवातल्या नाटकांच्या तालमी आता सुरू होतील, आणि त्यात कुणी ना कुणी मल्हारराव किंवा यशवंतराव होळकर होणारच. त्यांच्या हातात द्यायची तलवार घरच्या घरी कशी करायची, यावर मला आज बोलायचं आहे. यापूर्वी काहीही केलेलं नसलं तरी चालेल.

आपल्या इंदूरला देखाव्यांचं वेड आहेच. अनंत चतुर्दशीला हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण या मिलांच्या झांक्या बघायला आपण अर्धी रात्र रस्त्यावर काढतो. झांकीतल्या पुतळ्याची तलवार मोठी आणि झगझगीत असावीच लागते. ती गर्दीच्या डोक्यांवरून दिसायची असते आणि ती कुणी फिरवत नाही. पंचाईत होते ती तीच तलवार नटाच्या हातात दिल्यावर. पातं कितीही चकाकलं तरी नटाचं मनगट ती खोटी आहे हे सांगून टाकतं. म्हणून माझा आग्रह आहे की सुरुवात मुठीपासून करा.

खरी जुनी तलवार धरून पाहिली तर पहिली गोष्ट जाणवते ती ही, की मूठ हाताला तोकडी पडते. तिच्या मागच्या टोकाला गोल, चपटी चकती असते. मनगट फार वळवलं की ती चकती मनगटाला अडते. मग झटका देऊन वार करताच येत नाही. हात खांद्यातून फिरतो आणि पातं ओढत, कापत जातं. तुमच्या तलवारीला ही चकती नीट बसवा आणि पुन्हा नटाच्या हातात द्या. त्याची उभं राहण्याची तऱ्हासुद्धा बदलते. मला या सगळ्या कामात सर्वांत आनंद देणारा क्षण हाच वाटतो.

माप नटाचंच घ्या. त्याच्या चार बोटांची रुंदी आणि वर अगदी थोडी जागा, एवढी पकड. चकती लाकडी किंवा जाड फोमची, मनगटाला टेकेल इतकी मोठी. बोटांवरून जाणारी परज फोमची पट्टी गरम करून वाकवली की होते.

मराठा सरदारासाठी दुसऱ्या तऱ्हेची मूठही करता येते, बोटांना पूर्ण झाकणारी. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत आणली, तिची छायाचित्रं जरूर बघा. पातं युरोपीय घडणीचं, मूठ मुल्हेरी नावाच्या घाटाची, आणि त्या मुठीवर सोन्याची कोफ्तगिरी. कोफ्तगिरी म्हणजे लोखंडावर सोन्याचं नक्षीकाम. आपल्याकडे अख्खी मूठ सोनेरी रंगात बुडवतात, ते करू नका. आधी काळा रंग, आणि त्यावर बारीक कुंचल्याने सोनेरी वेली. अशा मुठींना आतून कापडाची गादीही असायची. क्लॉथ मार्केटमधून मखमलीचा एखादा तुकडा आणून आत चिकटवा. प्रेक्षकाला तो दिसणार नाही, पण नटाच्या हाताला कळेल.

आता वजन. खरी तलवार साधारण किलोभराची. आपली फोमची त्याच्या पावपट भरली तरी खूप. त्यामुळे नट ती छडीसारखी भराभर फिरवतो. उपाय असा की मुठीच्या आत, पकडीच्या जागी, बोल्टाचे लोखंडी नट किंवा वायसर घट्ट बांधून वर कापड गुंडाळा. पात्यात मात्र वजन अजिबात घालायचं नाही.

पात्याचं थोडक्यात सांगतो. लांबी ७५ सेंटिमीटरच्या आसपास. बाक बेताचा. मुठीपासून टोकापर्यंत दोरी ताणली तर दोरी आणि पात्यात तीनेक बोटं अंतर राहावं. चंद्रकोरीएवढा बाक शोभेच्या चित्रांत असतो. आत चिवट बांबूची कामटी, आकाशकंदिलाला वापरतो तशी पण जाड. ती कापडी टेपने पूर्ण गुंडाळायची, म्हणजे मोडली तरी कपच्या उडत नाहीत. तिच्या दोन बाजूंना पाच-सहा मिलिमीटरचा ईव्हीए फोम. चपलांचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो, लहान मुलांच्या कोड्यांच्या चटयाही त्याच फोमच्या असतात. कामटी टोकाच्या चार बोटं अलीकडेच संपली पाहिजे. पुढे नुसता फोम. ही एक गोष्ट मी कुणालाही सोडू देत नाही.

चिकटवायला चांभार वापरतात तो सोल्युशनचा डबा. दोन्ही बाजूंना लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडा. एकदा चिकटलं की सरकवता येत नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास गॅस, उदबत्ती काही नको. त्याची वाफ डोक्याला चढते आणि पेटही घेते.

धार तिरकी कापताना कटरचं पातं नवं हवं. बोथट पात्याने फोम फाटतो. मधोमध एक रेघ, कडेपर्यंत उतार, बस्स. मग हीटगन लांबून फिरवा, फोमची छिद्रं मिटतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. त्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण सुकवून. पावसाळ्यात याला वेळ लागतो, घाई करू नका.

रंगाच्या बाबतीत बेगडाचा मोह टाळा. रंगमंचाच्या दिव्यांत बेगड आरशासारखा भगभगतो आणि पातं दिसतच नाही. काळा रंग पूर्ण सुकू द्या, मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने चंदेरी रंग घासा, धारेकडे जास्त, मुठीकडे कमी.

प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्याआधी प्रत्येक तलवारीचं टोक बोटाने दाबून बघा. कामटी लागली तर ती तलवार त्या दिवशी म्यानातच राहील. आणि लढाई ठरवताना वार खांद्याच्या खाली, चेहऱ्याकडे कधीच नाही, फोम असला तरी.

समोर ब्राऊन पेपर आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. शेजारच्याचा हात कागदावर ठेवा आणि चार बोटांची रुंदी आखून घ्या. मुठीचा नकाशा तिथून काढू.